तोंड एकीकडे, आवाज दुसरीकडे

मला एक वाईट खोड आहे. समोरचा माणूस बोलू लागला की माझी नजर त्याच्या ओठांवर जाते आणि तिथेच बसते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत आमच्या हिने याचा भलताच गोड अर्थ लावून घेतला होता. पुढे माझा धंदा तिच्या नीट लक्षात आला आणि तो गोडवा संपला. ‘पाहुणे बोलतायत, फाइल चालू नाहीये. जरा डोळ्यांकडे बघून ऐकत जा,’ असं ती आता चारचौघांत सुनावते. टीव्हीवर दुसऱ्या भाषेतून आणलेल्या जाहिराती लागल्या की मी चडफडतो. बातम्यांत वार्ताहराचे ओठ आधी हलले आणि शब्द मागून आले, तर बातमी काय होती ते मला सांगता येत नाही.

पनवेलच्या लाइन आळीत माझं एक चिंचोळं दुकान होतं. जुन्या कॅसेटवरचं चित्रीकरण संगणकात घ्यायचं, त्याची डीव्हीडी करून द्यायची, हे कामाचं मुख्य रूप. पण माझं नाव झालं ते वेगळ्याच कामासाठी. दुसऱ्या कुणी केलेल्या फायलीत चित्र आणि आवाज यांची फारकत झाली, की लोक माझ्याकडे येत. म्हणून मी पाटीवर मोठ्या हौसेने एक ओळ वाढवली होती : ‘आवाज जुळवून मिळेल’. समोर कुणी उंच टेम्पो लावला की पहिला शब्द झाकला जाई. अशाच एका दुपारी एक बाई मुलीची पत्रिका घेऊन आत आल्या आणि स्टुलावर बसून मला गोत्र विचारू लागल्या. मी खुलासा केल्यावर त्या हिरमुसल्या, पण जाताना म्हणाल्या, ‘तरी लक्षात असू द्या. तुमच्याकडे लग्नघरची माणसं येतात.’ त्यांची चूक नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या दहा फायलींतल्या नऊ लग्नाच्याच असत.

हे काम काय असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगायला मला आवडतं. घरी आता कुणी ऐकत नाही, म्हणून इथे सांगून घेतो. कॅसेटच्या फितीवर चित्र आणि आवाज एकत्र नांदत असतात. संगणकात मात्र ते दोन वेगळ्या धाग्यांनी ठेवले जातात आणि दाखवताना बरोबर सोडले जातात. कॅसेटवरून फाइल करताना संगणक दमला, तर तो मधली चित्रं गाळतो. आवाज मात्र गाळत नाही. किंवा करणारा घाईत असला, तर सुरुवातीचा नको असलेला भाग कापताना एक धागा जास्त कापतो, दुसरा कमी. मग तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे.

यातही दोन तऱ्हा. एक सरळमार्गी. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो, तेव्हा अख्खा आवाज एकदा पुढे किंवा मागे सरकवला की काम झालं. दुसरी तऱ्हा लबाड. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, आणि फरक हळूहळू वाढत जातो. गणपतिपूजन ठीक, मंगलाष्टकं जराशी लंगडी, आणि शेवटी नवरी आईच्या गळ्यात पडून रडतेय तेव्हा पंगतीतला आवाज ऐकू येतोय, ‘जिलबी इकडं, जिलबी!’ अशी एक फाइल खरोखरच माझ्याकडे आली होती. नवरीचा भाऊ ती घेऊन आला होता आणि त्याला काही केल्या हसू आवरत नव्हतं. नवरी सोबत होती. तिला हसू येत नव्हतं.

जुळवायचं कसं, तर आधी ठोका शोधायचा. हा शब्द माझा, पुस्तकात सापडायचा नाही. ठोका म्हणजे अशी जागा, जिथे एखादी गोष्ट दिसतेही आणि त्याच क्षणी वाजतेही. नारळ फुटला, ठोका. कुणी टाळी दिली, ठोका. वाढप्याच्या हातून ताट पडलं, तर मला आनंदच. आपल्या लग्नांत ठोक्यांना तोटा नसतो. ठोका चित्रात कुठे दिसतो आणि आवाजात कुठे वाजतो ते पाहायचं, दोन्ही एकावर एक आणायचे. एक ठोका सुरुवातीचा, एक शेवटचा. दोन्ही बसले की मधलं सगळं आपोआप बसतं.

उस्मानभाई नावाचे एक गृहस्थ होते. उमेदीची सगळी वर्षं आखातात काढून पनवेलला परतलेले, बोलायला मोठे मिठ्ठास. त्यांच्या निकाहची कॅसेट तिकडेच कुणाकडून तरी फाइल करून आणली होती. आल्या आल्या म्हणाले, ‘भाय, माझा निकाह उलटा झालाय. आधी लोक मुबारकबाद देऊन गळ्यात पडतायत, मग मी कबूल बोलतोय. बेगम रोज ताना मारते की तुम्ही तर नाइलाज म्हणून कबूल केलं. खुदा के वास्ते सीधा करून द्या.’ निकाहच्या बैठकीत नारळ कुठून येणार? मी बराच वेळ शोधत बसलो. शेवटी काझीसाहेबांनी बोलायच्या आधी माइकवर बोटाने टकटक केलेली सापडली. बोट दिसतंय, टकटक ऐकू येतेय. यापेक्षा चोख ठोका कुठला? फाइल न्यायला उस्मानभाई बेगमना घेऊन आले. त्यांनी ती जागा पुन्हा पुन्हा लावायला सांगितली आणि मग नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, ‘कबूल तो किया, मगर इतना आहिस्ता?’

त्या दिवशी उस्मानभाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. असे दिवस पुष्कळ आले, म्हणूनच मी त्या चिंचोळ्या दुकानात इतकी वर्षं रमलो. पण ज्या कामाची आठवण आजही सगळ्यात आधी येते, ते काम जनार्दनचं.

जनार्दन पनवेलजवळच्या कोन या गावचा. उंचापुरा, हसरा, लग्नाच्या वयाचा पण आधी धाकट्या बहिणीचं उरकायच्या मागे लागलेला. बहिणीची हळद तोंडावर आली होती. त्याने माझ्यासमोर एक सीडी ठेवली.

‘दादा, ह्याच्यात आमची आजी हाय. आयची आय. ओवे गावाला माज्या मामाचं लगीन झालं तवाचं शूटिंग. आजी धवलारीण होती.’

धवलारीण म्हणजे काय, ते पनवेलच्या आसपास राहून मला ठाऊक होतं, पण वाचकांसाठी सांगतो. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो म्हणणारी ती धवलारीण. जुन्या काळी तीच लग्न लावायची. ती एक ओळ म्हणते आणि शेजारी बसलेली दुसरी बाई तीच ओळ पुन्हा म्हणते. याला झेलणं म्हणतात. ओळ म्हटली, झेलली. पुढची ओळ म्हटली, झेलली. असं चालतं.

जनार्दनची आजी, गोमीबाई, त्या पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. मुलाच्या लग्नात नवऱ्या मुलाची आई म्हणून तिने नुसतं मिरवायचं, धवल्याला दुसरी कुणी बोलवायची, असं ठरलं होतं म्हणे. पण दुसरीचा धवला तिला पसंत पडेना. शेवटी वरमाय स्वतःच पाटापाशी बसून गायला लागली. झेलायला शेजारी तिची मुलगी यशोदा, म्हणजे जनार्दनची आई.

‘मग आता आईच म्हणेल ना बहिणीच्या हळदीत?’ मी विचारलं.

जनार्दनने मान हलवली. तो अगदी लहान असताना यशोदाबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्यांचा आवाज गेला तो गेलाच. कुजबुजल्यासारखं बोलता येई, तेवढंच. गोमीबाई तर त्याच्याही आधी गेलेल्या.

‘आय म्हनते, पोरीला हळद लागंल ती आजीच्याच धवल्यानं. दुसरी बाई नको. मांडवात टीव्ही लावायचा, मोठे स्पीकर लावायचे. समदं ठरलंय. पन फायलीत आजीचं तोंड आनि आवाज जुळत नाय. आय बघते आनि उठून जाते. म्हनते, ही माजी आय वाटत नाय.’

मी म्हटलं, मूळ कॅसेट आणून दे, मी नव्याने घेतो. तो म्हणाला, कॅसेटला बुरशी आली होती, ती फाइल करणाऱ्यानेच टाकून दिली. म्हणजे जे काही होतं ते त्या सीडीवरच. गोमीबाईंचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

सीडी लावली. हिरव्या लुगड्यातली, कपाळभर कुंकू ल्यालेली एक ठसठशीत बाई कॅमेऱ्यासमोर बसलेली. तिच्याशेजारी एक तरुणी, पण तिची पाठ कॅमेऱ्याकडे. डोक्यावरचा पदर तेवढा दिसतो. आवाज चित्राच्या पुढे पळत होता. बाईंनी तोंड उघडण्याआधीच ओळ ऐकू येई. कुणीतरी सुरुवात कापताना आवाज जास्त कापला होता, हे उघड होतं. फरक सगळीकडे सारखाच होता, म्हणजे तऱ्हा सरळमार्गी. पण ठोका? नारळ नाही, टाळी नाही, ताशा नाही. नुसती हळद, पाट आणि दोन बायकांचे आवाज.

मग उरले ओठ. माझी खोड कामी आली. आवाज जरा जरा मागे ओढत गेलो आणि बाईंच्या ओठांकडे बघत राहिलो. एका जागी ओठ आणि शब्द एकमेकांत असे बसले, की मी खुर्चीवर सरळ झालो. एकेक अक्षर जुळत होतं. त्यातच एक फार सुंदर क्षण सापडला. धवल्यात एका ओळीत गोमीबाईंच्या नवऱ्याचं नाव येत होतं : ‘मांडव सजला गो, हसुरामाच्या दारी’. ती ओळ म्हणताना त्यांनी हसून पदर तोंडाला लावला होता. नवऱ्याचं नाव घेताना म्हातारी लाजली, असं मला वाटलं आणि मी त्या बाईंच्या प्रेमातच पडलो. जनार्दन आला तेव्हा ती जागा मी त्याला मुद्दाम दाखवली. तोही खूश झाला. म्हणाला, ‘आयला घेऊन येतो.’

यशोदाबाई आल्या. अंगावर नीटनेटकी सुती साडी, गळ्यावर ऑपरेशनची खूण. मी स्टूल पुढे केलं. फाइल सुरू झाली तशा त्या पुढे वाकल्या. आईचे ओठ हलताहेत, आवाज येतोय, सगळं बरोबर. मी शेजारी उभा राहून कौतुकाची वाट बघत होतो. धवला सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि त्यांनी हात वर केला. मी थांबवलं.

त्या काहीतरी म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मला कळलं नाही. जनार्दनने कान जवळ नेला आणि तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

‘आय म्हनते, ह्यो आवाज आजीचा नाय.’

‘अहो, ओठ बघा ना. एकेक अक्षर जुळलंय,’ मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी सावकाश, मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘माजी आय माज्या बाबांचं नाव घेनार? मरस्तोवर घेतलं नाय तिनं.’

मग त्यांनी समजावून सांगितलं. अर्धं ओठांनी, अर्धं हातांनी. त्या ओळीत नवऱ्या मुलाच्या बापाचं नाव घ्यायचं असतं. बाप म्हणजे गोमीबाईंचा नवरा. त्या ते नाव घेईनात. म्हणून त्यांनी म्हटलं, ‘धन्याच्या दारी’. आणि झेलताना मुलीने नाव घेतलं, ‘हसुरामाच्या दारी’. लेकीला बापाचं नाव घ्यायला कसली आडकाठी? गोमीबाईंनी पदर लावला होता तो नाव घेतलं म्हणून नव्हे, नाव टाळलं म्हणून.

‘नाव घेते ती मी हाय,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यो माजा आवाज.’

आता सगळा उलगडा झाला. ओळ तीच, म्हणायची ढब तीच, मायलेकींचा गळाही एकच, आणि जिथे शब्द वेगळा तिथे नेमके ओठ पदराआड. फक्त आधी आईने म्हणायचं, मागून लेकीने. आवाज पुढे पळत होता, तो मी मागे ओढत आणला आणि ओठ पहिल्यांदा जुळले तिथेच थांबलो. एक ओळ आणखी मागे जायला हवं होतं. मी आईच्या तोंडात लेकीची झेल बसवून मोकळा झालो होतो. पाठमोऱ्या लेकीचे ओठ दिसत नव्हते, त्यामुळे चूक दाखवणारं कुणी नव्हतं. ती चूक दाखवू शकेल अशी एकच व्यक्ती जगात होती आणि ती स्टुलावर बसली होती.

मी काही बोलणार तोच माझं जनार्दनकडे लक्ष गेलं. तो पडद्याकडे नव्हे, आईकडे बघत होता. ‘आय, ह्यो तुजा आवाज हाय?’ त्याने विचारलं. त्याला आईचा आवाज ठाऊकच नव्हता. त्याच्या लहानपणापासून घरात ती कुजबुजच होती. ‘दादा, परत लावा,’ तो म्हणाला. मी लावला. त्याने डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिला. त्याच्या गालावरून पाणी वाहायला लागलं, ते त्याने पुसलंही नाही. माझेही डोळे भरून आले, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

मग मी कामाला लागलो. ठोका नाही म्हणून मी रडत होतो, तो आता यशोदाबाईंनी हातात आणून दिला होता. पदर तोंडाला लागतो तिथे ‘धन्याच्या’ हा शब्द यायला हवा. नाव नव्हे, धनी. इतक्या वर्षांत नारळाचे, ताटांचे, माइकचे ठोके वापरले, पण न घेतलेल्या नावाचा ठोका हा पहिला आणि शेवटचा. आवाज एक ओळ मागे ओढला. पदर वर गेला, ‘धन्याच्या दारी’ ऐकू आलं, आणि मग मागून पाठमोऱ्या लेकीने खणखणीत नाव घेतलं. यशोदाबाई हसल्या. आवाज नसलेल्या माणसाचं हसू पूर्ण चेहऱ्यावर येतं, ते मी तेव्हा पाहिलं.

‘पहिली चुकीची फाइल पुसून टाकतो,’ मी म्हणालो.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘राहू दे. आयच्या तोंडात माजा आवाज बरा दिसतो.’

एक अडचण मात्र उरलीच. सुरुवातीचा आवाज कापला गेला होता तो कायमचाच गेला होता. आवाज त्याच्या खऱ्या जागी आणल्यावर धवल्याची पहिली ओळ आणि तिची झेल मुकी झाली. गोमीबाईंचे ओठ हलतात, पण ऐकू काही येत नाही. मी म्हटलं, तेवढं चित्र कापू, म्हणजे फाइल आवाजापासून सुरू होईल. धंद्यातली रीत तीच आहे. यशोदाबाईंनी मान हलवून सपशेल नकार दिला.

‘आयला काय कापू नका,’ त्या म्हणाल्या. मी ते चित्र तसंच ठेवलं.

हळदीचं आमंत्रण आम्हा दोघांनाही होतं. आमची ही जरीची साडी नेसून तयार. वाटेत तिने मला बजावलं की तिथे बायकांच्या ओठांकडे टक लावून बघत बसू नका, गावचा मामला आहे. मी कबूल केलं.

मांडव माणसांनी भरून गेला होता. एका बाजूला मोठा टीव्ही, दोन्हीकडे माणसाएवढे स्पीकर. पाटावर नवरी, शेजारी हळदीची वाटी आणि नवरीला लागून यशोदाबाई. बाकीच्या बायका गोल करून बसलेल्या. जनार्दनने मला हात केला आणि फाइल सुरू केली.

पडद्यावर गोमीबाई आल्या. म्हाताऱ्या बायकांत कुजबुज झाली, कुणीतरी नमस्कार केला. गोमीबाईंनी तोंड उघडलं. आवाज नाही. मला ठाऊक होतं, बाकीच्यांना नव्हतं. मागे कुणीतरी म्हणालं, ‘स्पीकर बंद हाय का रं?’ जनार्दन पुढे झाला नाही. त्याची नजर आईवर होती, म्हणून मीही तिकडे पाहिलं. बायकोला दिलेला शब्द मोडला.

यशोदाबाई ती मुकी ओळ म्हणत होत्या. तोंड पूर्ण उघडून, मान जराशी वर करून, बाहेर आवाज मुळीच नाही. मी सवयीने पडद्याकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे. आई आणि लेक, दोघींचे ओठ एकाच वेळी उघडत होते, एकाच वेळी मिटत होते. आयुष्यभर मी जे बसवायला धडपडलो, ते कुणीही न बसवता बसलं होतं.

ओळ संपली. आता झेलायची जागा, आणि तीही मुकीच. एवढ्यात गोलातल्या एका म्हातारीने ती ओळ उचलली. तिने यशोदाबाईंच्या ओठांवरून ओळखली की तिला ती पहिल्यापासून पाठ होती, कोण जाणे. दुसरीने साथ दिली आणि मग सगळ्या बायकांनी मिळून ती झेलली. मांडव भरून गेला. झेल संपायला आणि स्पीकरमधून गोमीबाईंची दुसरी ओळ सुरू व्हायला एकच गाठ पडली.

आमची ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘जुळलं हो.’ ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती.